तीन कवड्या

नृपेनबाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि विनूला विचारलं, "काय खोकाबाबू, तुमचं नाव काय?" विनू बशीतली संदेशची मिठाई बोटाने कोरत होता. मान वर न करता त्याने सांगितलं, "तिनकोडी."

व्हरांड्यातली सगळी माणसं हसली. मी चहाचा ट्रे हातात धरून उंबऱ्यात उभी होते, तो तसाच धरून राहिले. सात महिने हे नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं. सात महिन्यांत तीन वर्षांचं मूल काय काय विसरतं. दुधाची बाटली विसरतं, आजोळ विसरतं, चावलेलं कुत्रं विसरतं. मी रोज मनात हिशेब मांडत होते की आज तो थोडा आणखी विसरला असेल. आणि त्याने ते नाव दाताखाली धरून ठेवलं होतं, चॉकलेटची गोळी न चावता ठेवावी तसं.

आमचे हे माझ्याकडे बघत होते. "हे कुठलं नाव? विनायक सांग. विनायक चारुदत्त सांग." विनूने संदेश तोंडात घातला. बुलूदी मात्र हसली नव्हती. शेजारच्या घरातली ही बाई, विधवा, पन्नाशीची, दुपारी तीन वाजता गच्चीवर केस वाळवत बसते आणि गल्लीतलं पानही तिच्या नकळत हलत नाही. ती विनूकडे आणि मग माझ्याकडे असं पाहत राहिली की जणू माझ्या पदराला काही लागलंय आणि सांगावं की नाही याचा ती विचार करतेय.

रविवारची सकाळ होती, दुर्गापूजेला दहाएक दिवस उरलेले. पाडा रक्षा समितीची बैठक आमच्या व्हरांड्यात ठेवली होती, कारण अख्ख्या पाड्यात लोखंडी जाळी आधी आमच्या व्हरांड्याला बसली. इकडे चार-पाच गल्ल्यांच्या वस्तीला पाडा म्हणतात. आमचा पाडा बेहालाच्या या टोकाला, ट्रामच्या रस्त्यापासून आत, नारळीच्या आणि डबक्यांच्या मधे. घरं नवी, भिंतींना अजून चुन्याचा वास. नोकरदार माणसं. सकाळी नऊला पुरुष ट्रामने निघून जातात, हे खिदिरपूरला जकातीच्या कचेरीत, बाकीचे आणखी पुढे, आणि मग संध्याकाळपर्यंत पाड्यात बायका, मुलं आणि कावळे. तळ्याच्या पलीकडे निर्वासितांची वसाहत. फाळणी झाल्यावर एका रात्रीत तिथे बांबूच्या तट्ट्या उभ्या राहिल्या म्हणतात. आम्ही आलो तेव्हा त्या होत्याच.

नृपेनबाबू पोलीस कोर्टात कारकून होते, निवृत्त झाले तरी कागद वाचताना आवाज कोर्टातला लागतो. त्यांनी वाचलं. गेल्या वर्षी आषाढ ते भाद्रपद या काळात भांडीकुंडी चोरीस जाणे सहा, दोरीवरचे कपडे चार, सायकल एक. यंदा त्याच काळात भांडी शून्य, कपडे शून्य, सायकल शून्य. मुलं पळवण्याचा प्रयत्न, फाल्गुनात एक, त्यानंतर शून्य. मारहाण, खून, शून्य. त्यांनी कागदाची घडी केली. मी वाट पाहत होते. आणखी एखादा कागद असेल असं मला वाटत होतं. नव्हता. "आणि याचं श्रेय," ते म्हणाले, "आमच्या मराठी बौदींना. त्या दिवशी त्यांनी वेळेवर थाळी वाजवली नसती तर." बौदी म्हणजे वहिनी, म्हणजे मी. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी खाली पाहिलं. इथल्या बायकांना ते आवडतं, मी खाली पाहते ते. मराठी बायका फार शालीन असतात, असं त्या आपसात म्हणतात.

थाळीची गोष्ट अशी की इथे संकटाचा इशारा शंखाने द्यायचा. घरोघरी शंख आहे आणि बायकाच तो फुंकतात. दंगलींच्या दिवसांत तसंच चालत असे. माझ्या हातातही बुलूदीने शंख दिला होता, पण आमच्याकडे बायका शंखाला तोंड लावत नाहीत, मला फुंकताच येईना, गाल फुगवून नुसता फस्स असा आवाज. पोरं लोळून लोळून हसली. मग समितीने ठरवलं, बौदींच्या घरची खूण थाळी. पितळी थाळी आणि पळी. तीन ठोके. ती थाळी माझ्या आईने रुखवतात दिली होती.

तीन बाळंतपणं झाली माझी. लीना चौदा महिन्यांची होऊन घटसर्पाने गेली, पुण्याला. दुसरा मुलगा अकरा दिवस जगला, त्याला नावच नाही. विनू या घरात झाला, आषाढात, आणि मी त्याला श्वास घेताना ऐकत बसायची. रात्री नव्हे, रात्री काय कुणीही ऐकेल. मी दिवसा ऐकायची, भाजी चिरताना, वरून ट्रामची घंटा आणि विक्रेत्यांच्या आरोळ्या चालू असताना. श्वास ऐकू आला नाही की उठायची. तो सव्वा महिन्याचा झाला तेव्हा साताऱ्याहून सासूबाईंचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, मूल जगत नसलं की ते सुपात घालावं, दारी आलेल्या गरीब बाईला द्यावं आणि मग मापभर तांदूळ देऊन तिच्याकडून परत घ्यावं. मृत्यू घर धुंडाळत येतो तेव्हा त्याला सांगावं, हे आमचं नव्हे. पत्र वाचून मी हसले. बी. ए.ला माझा विषय तर्कशास्त्र होता. हे विधान अमुक, हे अमुक, म्हणून हे असत्य. ते पत्र ह्यांना दाखवलं असतं तर हेही हसले असते, आणि एवढ्यावर न थांबता कचेरीत सांगितलं असतं. मी ते डब्यात तांदळाखाली ठेवलं.

शैल त्याच आठवड्यात आली. वसाहतीतल्या बायका दुपारी भाताचं वेळलेलं पाणी मागत हिंडायच्या, इकडे सगळ्यांकडे भात वेळून घेतात. माझ्याकडे कुठलं पाणी, मी आपली आपल्या पद्धतीने पाणी आटवून भात करायची. "तुमच्याकडे पेज नाही?" ती चकित झाली. "मग भाताचं पाणी जातं कुठे?" मी म्हटलं, भातातच. ती हसली, पदर तोंडावर घेऊन, लहान मुलीसारखी. चाळिशीची असेल, कदाचित तिशीचीही असेल. तिच्या मागच्या वाटेवर किती माणसं राहिली ते तिने कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी भातात पाणी जास्त घालू लागले.

एका दुपारी मी सूप पुढे केलं. मोडक्यातोडक्या बांगलीत काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तर तिला काही सांगावंच लागलं नाही. सुपात मूल पाहिलं, माझा चेहरा पाहिला, विचारलं, "आधीची गेली?" मी दोन बोटं दाखवली. तिने हात पदराला पुसले, विनूला उचललं, त्याच्या टाळूचा वास घेतला. मग पदराची गाठ सोडली. त्यात तीन कवड्या होत्या, लक्ष्मीच्या करंडीतल्या, गावाकडून येताना एवढ्याच आणल्या होत्या तिने. त्या तिने माझ्या तळहातावर ठेवल्या. "घेतला. आता हा माझा. तिनकोडी." मी तांदळाचं माप पुढे केलं, परत घ्यायला. तिने मान हलवली. परत कसला? परत घेतला तर यमाला कळेल ना. तुझ्याजवळ राहू दे, तू दूध पाज, मोठा कर. पण माझा. तांदूळ तिने घेतले नाहीत. तेवढं मोठं माप होतं, आणि तिने घेतले नाहीत. तिने मुलगा माझ्या हातात परत ठेवला तो एखाद्याने आपली वस्तू विश्वासाने ठेवायला द्यावी तसा. सासूबाईंच्या पत्रात असं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी विनूचा श्वास ऐकणं बंद केलं. तर्कशास्त्राला काय वाटेल ते वाटो. अडीच वर्षं त्याला साधी पडशाची शिंकसुद्धा आली नाही.

ती दुपारची यायची, मागच्या दाराने, पेज घ्यायची आणि त्याला कडेवर घेऊन तळ्याकाठी बदकं दाखवायला न्यायची. विनू बांगला शिकला तो तिच्याकडून, तीही पूर्वेकडची, जिच्यावर बुलूदी नाक मुरडायची. मला मा म्हणायचा का तिला, मी कधी कान देऊन ऐकलं नाही. ह्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. काय सांगणार होते मी? पदवीची घडी ट्रंकेत ठेवून मी मुलगा सुपात घालून विकला, आणि खरेदीदार वसाहतीतली? पाड्यातल्या बायकांना तर मुळीच नाही. त्यांच्या लेखी मी शिकलेली, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारी, रोज पाणी उकळून पिणारी. त्या हसल्या असत्या. शंखाला हसल्या त्याहून जास्त.

मग माघ-फाल्गुनात चोऱ्या वाढल्या. तांब्या, घागरी, न्हाणीघरातला बंब. त्यात कुणीतरी बातमी आणली की मुलं पळवणारे फिरताहेत, विकत घेतात, विकतात, हातपाय मोडून भीक मागायला बसवतात. कुणाचंही मूल गेलं नव्हतं. पण बातमीला मूल लागत नाही. तरुण मुलं काठ्या घेऊन बसू लागली. ह्यांनी जेवताना मला ठणकावून सांगितलं, "वसाहतीतली एकही बाई आपल्या दारात मला दिसता कामा नये. कळलं?" मी कळलं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भातात पाणी जास्त घातलं.

तो शनिवार होता. शनिवारी कचेरी अर्धा दिवस, हे तीनला येतात. त्या दिवशी दीडलाच आले. मी दार उघडलं, ह्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, जोडे काढले आणि विचारलं, "विनू कुठाय?" विनू तळ्यावर होता, शैलच्या कडेवर, रोजच्यासारखा, मीच दिला होता दहा मिनिटांपूर्वी. हे सांगायला एक वाक्य लागतं. मी ते वाक्य तोंडापर्यंत आणलंही. आणि माझ्या तोंडून निघालं, "आत्ता तर इथेच होता." ह्यांनी आतली खोली पाहिली, न्हाणीघर पाहिलं, मागचं दार पाहिलं, ते उघडं होतं. "सुनीती," हे ओरडले, "सुनीती, थाळी." थाळी खुंटीवर होती. मला अजून ती खुंटी दिसते. पळी हातात घेताना मी विचार करत होते, की वाजवली नाही तर हे विचारतील, का वाजवली नाही. एवढाच विचार. मी वाजवली. तीन ठोके, आणि मग थांबताच येईना. बाजूने बुलूदीचा शंख लागला, मग पलीकडचा, मग सगळे, आणि दुपारच्या त्या रिकाम्या पाड्यातून इतकी माणसं कुठून आली कळलं नाही.

ती पळाली नाही. पळाली असती तर मला पुढे काही सोपं गेलं असतं. ती समोरूनच आली, तळ्याच्या बाजूने, घाईने, कारण आमच्या घरून थाळी वाजलेली तिने ऐकली होती आणि तिला वाटलं मला काहीतरी झालंय. विनू कडेवर, त्याच्या हातात मुरमुऱ्यांचा पुडा. ह्यांनी मूल हिसकावून घेतलं. मुरमुरे सांडले. विनू तिच्याकडे हात करून रडू लागला. तिच्याभोवती कडं झालं. ती गोंधळली, मग हसत म्हणाली, "अगं बाई, हा तर माझाच. मी विकत घेतलाय ह्याला. विचारा की आईला." विकत घेतलाय, हे सगळ्यांनी ऐकलं. आठ दिवस ज्या शब्दाची वाट पाहत काठ्या घेऊन बसले होते तो शब्द चालत समोर आला होता. तरीही नृपेनबाबूंनी हात वर केला, कोर्टातला माणूस, नियम सोडत नाही. माझ्याकडे वळून त्यांनी नीट, सावकाश विचारलं, "बौदी, तुम्ही ह्या बाईला ओळखता?"

हे माझ्या डाव्या बाजूला उभे होते. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता. शैल माझ्याकडे बघत होती, अजून थोडी हसत, आपल्या माणसाने आता थट्टा पुरे म्हणावं याची वाट बघावी तशी. मी म्हटलं, "चिनी ना." ओळखत नाही. माझा उच्चार त्या दिवशी अगदी स्वच्छ आला. मग कुणी न विचारता मी आणखी एक वाक्य बोलले. "माझा मुलगा आहे हा. माझा."

मी विनूला घेऊन आत गेले, कडी लावली. बाहेर फार वेळ लागला नाही. धोब्याच्या दगडावर ओलं कापड आपटल्यासारखा आवाज, आणि मधे मधे बायकांचाही आवाज, कारण बायकाही होत्या. शैलचा आवाज मला पहिल्यांदाच तेवढा ऐकू आला. ती माझं नाव घेत नव्हती. तिला माझं नाव माहीतच नव्हतं. ती 'तिनकोडीची आई' म्हणत होती, मग नुसतं 'आई'. हे आत आले आणि नळावर हात धुतले, साबणाने, दोनदा. "मी एकदाच ढकललं," हे म्हणाले. "बाकीच्यांनीच." विनूच्या मुठीत मुरमुरे राहिले होते, ते तो खात होता. तीन दिवसांनी बुलूदी सांगत आली की ती इस्पितळात गेली. मी विचारलं, बरी होऊन गेली का? बुलूदी म्हणाली, "मराठी लोक 'गेली' कशाला म्हणतात?"

त्यानंतर वसाहतीतलं कुणी पाड्यात आलं नाही. पेज मागणाऱ्या नाहीत, शेणी विकणाऱ्या नाहीत, जुन्या साड्यांवर भांडी देणाऱ्या नाहीत. आम्ही जाळी बसवली. मी अजूनही भातात पाणी जास्त घालते. हाताला सवय झाली. ते मोरीत ओतते.

आणि आता व्हरांड्यात नृपेनबाबू डोळे पुसत हसत होते. "तिनकोडी," ते म्हणाले, "अहो, हे तुमच्याकडेही असतं? माझा थोरला भाऊ पाचकोडी. आईची तीन गेली होती, मग सुईणीला पाच कवड्यांना विकला." दुसऱ्या एका गृहस्थाने त्यांचे मामा तिनकोडी असल्याचं सांगितलं. कुणाची तरी आत्तेबहीण एककोडी होती. त्यांच्या बोलण्याला कसली गंमत आली. प्रत्येकाच्या घरात एक निघाला, प्रत्येकाला विकत घेणारी बाई आठवत होती, तिला पूजेत साडी द्यायची असते, तिच्या पाया पडायचं असतं, ती मेली तर मुलाने तीन दिवस अशौच पाळायचं असतं. मी ट्रे धरून उभी होते. एक वाक्य. त्या दुपारी मी एक वाक्य बोलले असते तर काठ्या खाली झाल्या असत्या, ही सगळी माणसं अशीच हसली असती, बुलूदीने तिला पाणी दिलं असतं. हे माझ्याशी चार दिवस बोलले नसते, बस, एवढंच. मी ज्यांना लाजत होते ते सगळे मुलं विकलेल्या घरांतले होते.

"सुईण मेली तेव्हा," नृपेनबाबू सांगत होते, "आईने त्याच दिवशी दादाला दुसऱ्या बाईला विकला. पंधरा वर्षांचा घोडा. पण आई म्हणाली, बिनमालकाचं ठेवायचं नाही, एक दिवसही नाही." मग सहज, चहाचा कप उचलत, "तुमचा कुणी घेतला, बौदी?"

बुलूदीने मान माझ्याकडे वळवली. हेही बघत होते, ह्यांना आता हळूहळू काहीतरी जुळत चाललं होतं. तळ्याकडून आलेली बाई, विकत घेतलाय म्हणणारी. मला ह्यांच्या कपाळावर ते जुळताना दिसत होतं. मी म्हटलं, "साताऱ्याला. सासूबाईंच्या सुईणीने." हे साताऱ्याला विनूला घेऊन कधी गेले नाहीत, मीही नाही. ह्यांनी कप बशीवर ठेवला आणि हळूच फिरवत राहिले. मग म्हणाले, "हो. साताऱ्याला." लग्नाला आठ वर्षं झाली, ह्यांनी माझ्यासाठी बोललेलं हे पहिलं खोटं. बुलूदी उठली, पदर सावरला आणि जाता जाता विनूच्या गालाला हात लावून म्हणाली, "अंग गरम आहे ग याचं."

संध्याकाळी एकशे एक. सोमवारी सकाळी एकशे दोन. डॉक्टर म्हणाले, हवा बदलतेय, पुष्कळ मुलांना आहे. हे न बोलता कचेरीला गेले. मी पुन्हा श्वास ऐकायला बसले, दिवसाढवळ्या, तीन वर्षांनी, आणि लक्षात आलं की ऐकायची रीत मी विसरले नव्हते. माझा मुलगा आहे हा, माझा, असं मी मोठ्याने, साठ माणसांसमोर म्हटलं होतं. ज्याने ऐकायला नको त्यानेही ऐकलं असणार. तांदळाच्या डब्यात पत्राशेजारी तीन कवड्या होत्या, त्या काढल्या. विनूला शालीत गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि जाळीशी जाऊन उभी राहिले.

गल्ली स्वच्छ होती. दोन्ही टोकांपर्यंत कुणी नाही. अकरा वाजले, बारा, एक. एक पोस्टमन. एक मांजर. कुणी म्हणजे कुणी येत नव्हतं, नृपेनबाबूंच्या कागदावर होतं तसंच सगळं शून्य. विनूचा गाल माझ्या मानेला भाजत होता. तीनच्या सुमाराला तळ्याच्या बाजूने एक बाई आली, डोक्यावर शेणींची टोपली, बिचकत, घरांकडे न बघता. नवीन असावी, वाट चुकलेली असावी. मी जाळीचं दार उघडून पायरीवर आले. "ओ बाई, थांबा. इकडे या." ती थांबली. मी कवड्या पुढे केल्या. "ह्याला घ्या. ह्याच तीन कवड्या मला द्या. दोन गेले माझे. नुसतं घ्या आणि परत माझ्याजवळ ठेवा. तुम्हाला कळतं ना मी काय म्हणतेय?"

तिला कळलं. चेहऱ्यावर दिसलं की कळलं. तिने टोपली उतरवली, एक पाऊल पुढे आली, शालीत डोकावली. "ताप आहे," म्हणाली, अगदी शैलच्या हेलात. विनूने डोळे उघडले आणि त्या हेलाकडे हात केला. तिचाही हात उठला. मग तिने जाळीकडे पाहिलं, दाराशेजारी खुंटीवरच्या थाळीकडे पाहिलं. "हेच का ते घर?" तिने विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, वर पाहिलं, गच्चीवर बुलूदी केस मोकळे सोडून कठड्याशी उभी होती. विनूचा हात अजून पुढे होता. बाई दोन पावलं मागे सरली आणि वरच्या बाईला, सगळ्या बंद खिडक्यांना, सबंध गल्लीला नीट दिसावं म्हणून तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.